उभ्याने बोललेलं

दवाखान्यातून परतल्यावर कुणी जेवायला बसेना.

साम्पाच्या आईने मक्याच्या पिठाच्या उब्वालीचे गरम गोळे परातीत रचून वर दुसरी परात पालथी घातली, सुक्या मासळीचं कालवण चुलीच्या कडेला ओढून ठेवलं आणि स्वतः चुलीपाशीच बसून राहिली. अंगणातल्या इन्साकात, त्या गवती छपराखाली जिथे या घरातले सगळे निवाडे होत आले, तिथे लोंबे आपल्या स्टुलावर बसले होते. त्यांची बहीण चटईवर बसली होती. तिचा मुलगा काटोंगो खांबाला पाठ लावून बसला होता. लोंबेंचा मुलगा साम्पा तेवढा उभा होता. सगळेच आपापल्या पायांकडे बघत होते. पायच बघून आले होते ना दवाखान्यात.

पाय बाना म्वाबाचे होते. साबणाच्या कारखान्यामागून जी सांडपाण्याची चर जाते, तिच्या काठाने या बाईचे भाजीचे वाफे. या घरात भोपळ्याचा पाला कायम तिच्याकडूनच यायचा. परवा दुपारी त्या चरीतून पाणी आलं नाही, कॉस्टिक आलं. साबण करायला तेलात घालतात तो जाळणारा सोडा. दिसायला पाणीच. बाई अनवाणी वाफ्यात उभी होती. पायाखाली बुळबुळीत लागलं तेव्हा तिला वाटलं चिखल झाला.

"माझ्या पायांचाच साबण होत होता," ती खाटेवरून म्हणाली होती, "आणि मी आपली पाला धुवत उभी!" आणि ती हसली होती. तिला हसू येतंय हे बघून लोंबेंना तर तिथून पळूनच जावंसं वाटलं असणार. पाय घोट्यापर्यंत गुंडाळलेले होते. डॉक्टर म्हणाले, बाई चालू लागेल, पण लवकर नाही.

तिने जाताना एकच विचारलं. "तुमची ती नवी झडप झोपली होती का हो?"

झडप झोपलीच होती. कॉस्टिकच्या टाकीवरची ती झडप, जिला कारखान्यात व्हॉल्व्ह म्हणतात, याच घराने बसवली होती.

"मी सांगितलं होतं तुला, दादा," शेवटी आत्याने तोंड उघडलं. ती लोंबेंची थोरली बहीण नव्हे, धाकटी. पण तिच्याच पोटचा मुलगा उद्या लोंबेंच्या व्हॉल्व्ह-दुरुस्तीच्या वर्कशॉपचा धनी होणार, म्हणून तिचा शब्द थोरलीसारखा चालायचा. "पोराला एकदम एवढं मोठं काम देऊ नकोस. कासामाहून येऊन त्याला दिवस किती झाले?"

"आई," काटोंगो म्हणाला, "मामांचा काय दोष यात? माप मी घेतलं. निवड मी केली. बसवली मी."

"म्हणजे दोष तुझा."

"माझाच."

साम्पाने खांबावरचा हात काढून घेतला. पावसाळ्याच्या आधी याच खांबाला टेकून, याच जागी तो उभा होता. हातात मक्याच्या मुन्कोयोचा पेला होता. त्या संध्याकाळी सगळे पोट धरून हसले होते.

त्या संध्याकाळी साबणवाल्यांचा निरोप आला होता. त्यांच्या व्हॉल्व्हवर बसवलेली जुनी यंत्रं, ज्यांनी व्हॉल्व्ह उघडतो नि मिटतो, ती सगळी कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेवर, म्हणजे आमच्या भाषेत वाऱ्यावर, चालणारी होती. कारखान्यातले साहेब त्यांना लांबलचक नावाने ओळखतात. आमच्याकडे त्याला व्हॉल्व्हचं डोकं म्हणतात. वाऱ्याचं डोकं आणि विजेचं डोकं. वाऱ्याची डोकी तिथे लोंबेंनीच तरुणपणी बसवलेली. आता कॉम्प्रेसर धापा टाकत होता, नळ्या गळत होत्या, पावसाळ्यात हवेबरोबर पाणी यायचं आणि आतून गंज धरायचा. मॅनेजरने विचारलं होतं, हे सगळं दुरुस्त करता, की विजेची डोकी लावता? तुम्ही ठरवा आणि सांगा.

लोंबेंनी काटोंगोकडे बघितलं होतं. भाच्याला वारस करायचं तर भाच्याला ठरवू दिलं पाहिजे.

"वीज," काटोंगो म्हणाला होता. "कॉम्प्रेसर नको, नळ्या नकोत, पाणी नको. तारा ओढल्या की झालं. व्हॉल्व्ह पाव उघडायचा म्हटलं की पावच उघडतो. आतल्या खोलीत बसून माणसाला कळतं, कुठला किती उघडा आहे."

"आणि वीज गेली की?" लोंबेंनी विचारलं होतं. आमच्या गावात वीज जाते; कधी जाणार याचा कागद लागतो आणि त्या कागदाप्रमाणे ती कधीच जात नाही.

"जनरेटर आहे त्यांचा, मामा."

लोंबेंनी मान हलवली होती. हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते.

तेव्हा साम्पा बोलला होता. उभ्यानेच, पेला हातात धरून, तोंडभर हसत. "लाव, लाव! विजेचं डोकं अगदी तुझ्या वळणाचं आहे. वीज गेली की असेल तिथेच झोपतं, ते पण तोंड उघडं टाकून! वाऱ्याचं निदान स्प्रिंगने मिटतं तरी."

"तुझं वाऱ्याचं डोकं तुझ्या वळणाचं," काटोंगोने तिथल्या तिथे परत फेडलं होतं. "सारखं फुस्स फुस्स! अख्ख्या कारखान्याला ऐकू जातं आणि काम काडीचं नाही."

आत्या डोळे पुसत हसली. आई चुलीपाशी हसली. लोंबेही हसले. मामेभाऊ-आतेभावांचं नातंच आमच्यात असं. त्याला बुफ्याला म्हणतात. ते एकमेकांना माकड म्हणू शकतात, एकमेकांच्या ताटातला मासा उचलू शकतात, एकमेकांच्या सासूची नक्कल करू शकतात, रागवायचं नाही. रागवला तो हरला. म्हणूनच त्यांच्या तोंडच्या शब्दाचं वजन कुणी करत नाही. खरंच काही सांगायचं असेल तर त्याची रीत ठरलेली आहे. माणूस जमिनीवर बसतो, तळव्यांची खोल ओंजळ करून हळू टाळी वाजवतो, आणि मग बोलतो. बसून, टाळी वाजवून बोललेलं थट्टेत धरत नाहीत. शेंबड्या पोरालाही ही रीत ठाऊक असते.

ती साम्पालाही ठाऊक होती.

"पण साम्पाने सांगितलं होतं," आत्या आता म्हणाली. "आठवतंय तुम्हाला? याच जागी. वीज गेली की झोपेल म्हणाला. अगदी तसंच झालं."

"तसंच झालं," काटोंगो म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "काहिलीत कॉस्टिक सोडलेलं होतं. वीज गेली. व्हॉल्व्ह अर्धा उघडा तो अर्धा उघडाच राहिला. जनरेटर लागेना. हाताने मिटायचं चाक आहे त्याला, मी स्वतः दाखवलं होतं. पण ज्याला दाखवलं तो जेवायला गेलेला. दुसऱ्याने चाक शोधेपर्यंत काहील भरून वाहिली, खालची मोरी, मोरीतून चर..." तो थांबला. "स्प्रिंग असती तर वीज जाताच मिटला असता. साम्पा म्हणाला होता, मिटतो. माझ्या कानावर पडलं होतं ते. मी हसलो."

"सगळेच हसलो," लोंबे म्हणाले.

लोंबेंनी कमरेचा जुडगा सोडला. वर्कशॉपच्या किल्ल्या. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ बोटांनी चाचपत राहिले. आई चुलीपाशी एकदम ताठ झाली.

"आमच्याकडे मुलगा बापाच्या कुळाचा नसतो," लोंबे म्हणाले, जणू हे कुणाला माहीतच नव्हतं. "साम्पा तिच्या कुळाचा." त्यांनी बायकोकडे हनुवटी केली. "माझी खुर्ची बहिणीच्या मुलाची. माझ्या मामाने मला दिली, मी भाच्याला देणार. हे मोडायचं माझ्या मनात कधी आलं नाही. पण आज त्या बाईचे पाय बघितले. ज्याला आधी दिसलं, त्याच्या हातात हे काम असायला नको का?"

आत्याने आपल्या मुलाकडे बघितलं, मग भावाकडे. "दे," ती म्हणाली. "मी आड येणार नाही, दादा. माझ्या पोराच्या हातून बाईचे पाय भाजले. कुठल्या तोंडाने मागू?"

या किल्ल्यांसाठी साम्पा किती वर्षं वर्कशॉपमध्ये लोखंड घासत होता! आणि त्या घासण्याचा धनी दुसरा, हे गिळत होता. आज त्या आपण होऊन त्याच्याकडे चालत येत होत्या, आणि त्याला वाटत होतं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं.

"एक मात्र आहे," लोंबे म्हणाले. म्हातारा वरून साधा, पण निवाड्यात कच्चा नव्हता. "तो थट्टेत बोलला की खऱ्यात? बुफ्यालातलं बोलणं मोजायचं नाही. साम्पा, तू बसून बोलला होतास का?"

साम्पाने तोंड उघडलं. त्याआधीच चुलीकडून आवाज आला.

"बसला होता."

सगळ्यांनी वळून बघितलं. आई उठून उभी राहिली होती, हातात उब्वाली ढवळायचा लाकडी दांडा तसाच.

"मी इथून बघितलं. पेला खाली ठेवला, बसला, टाळी वाजवली. तुम्ही हसण्यात होतात. तुम्हाला काय दिसणार?"

"वहिनी, खरंच?" आत्याने विचारलं.

"खरं नाही तर काय, वन्सं? माझ्या मुलाबद्दल मी खोटं सांगेन?"

साम्पाने आईकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तिने आपल्या मुलासाठी एक शब्द कधी टाकला नव्हता. ते शोभलं नसतं, तो या कुळाचा नव्हताच. आज तिने टाकला होता. एकच, आणि तोही खोटा. आता साम्पाला फक्त गप्प राहायचं होतं. तेवढंच काम.

काटोंगो खांबापासून उठला. साम्पासमोर आला आणि जमिनीवर गुडघे टेकले. त्याने तळव्यांची ओंजळ केली आणि टाळी वाजवली, हळू, खोल, जशी मोठ्यांपुढे वाजवतात.

"मामीने बघितलं म्हणजे बसलाच असशील," तो म्हणाला. डोळे खाली होते. "तू बसून, टाळी वाजवून सांगितलंस आणि मी तुला फुस्स म्हणालो. मी काय माणूस आहे रे? क्षमा कर. मला माकड म्हण, काहीही म्हण. पण क्षमा कर."

"ऊठ," साम्पा म्हणाला.

"नाही. आधी..."

"ऊठ म्हणतो ना!" त्याचा आवाज चिरकला. "मी बसलो नव्हतो."

काटोंगोचे हात तसेच राहिले.

"मी उभा होतो. इथे. पेला हातात होता. आणि मला माहीत होतं." आता थांबता येईना. "दुसऱ्या एका पंपघरात मी विजेचं डोकं असंच अडकलेलं बघितलं होतं. मला पक्कं माहीत होतं, कॉस्टिकच्या टाकीला ते चालणार नाही. बाकी ठिकाणी चालेल, वाफेला चालेल, त्या टाकीला नाही. बसून सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस, काटोंगो. तू ऐकतोस, हेही माहीत होतं. मग काम चांगलं झालं असतं, आणि नाव तुझं झालं असतं. म्हणून मी उभ्याने बोललो. बोललो, असं म्हणता यावं आणि तरी कुणी ऐकू नये, म्हणून."

चुलीतलं लाकूड तडकलं.

"बाना म्वाबा माझ्या मनात नव्हती," साम्पा म्हणाला. "कुणाचे पाय माझ्या मनात नव्हते. मला वाटलं, काहीतरी बंद पडेल, मॅनेजर ओरडेल, तुझं हसं होईल. बस."

आत्या सावकाश वहिनीकडे वळली. "तुम्ही बघितलं होतंत ना?"

आईने दांड्याला चिकटलेली उब्वाली बोटाने निपटली. "धूर होता," ती म्हणाली. "धुरात नीट दिसलं नसेल." आणि ती पाठ करून बसली. तिची पाठ साम्पाला त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारी दिसली. पोरासाठी ती खोटं बोलली होती, आणि पोराने तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं.

काटोंगो उठला. गुडघ्यावरची माती झटकली. साम्पा वाट बघत राहिला. एरवी या जागी काटोंगोने त्याला सोडला नसता. त्याच्या कानांवर, चालीवर, त्याच्या पगारावर काहीतरी आलंच असतं आणि दोघं हसत सुटले असते. काटोंगो खांबाजवळ आपल्या जागी जाऊन बसला.

"मी स्प्रिंगच बसवणार होतो," लोंबे म्हणाले. ते कुणाशी बोलत होते कळेना. "आधीही तीच बसवली होती, आणि का बसवली ते मला माहीत होतं. म्हटलं, भाच्याचा पहिला निर्णय आहे, मोडायचा कसा. मान हलवली. मान हलवणं म्हणजे काय, कुणी सांगेल का मला?" त्यांनी जुडगा उचलला आणि काटोंगो आणि साम्पा यांच्या मधोमध जमिनीवर ठेवला. "वीज वाईट नाही. वारा पण काही देव नाही. जागा बघून लावायचं असतं. एवढं साधं होतं. उद्या सकाळी दोघं जा. त्या टाकीचं डोकं काढा आणि जुनं स्प्रिंगचं लावा, हवा सुकवायचा डबा लावून. बाकीची विजेची राहू देत. मग बाना म्वाबाकडे जा. दोघं. किल्ल्यांचं मला आज काही बोलायचं नाही. जेवा आता."

कुणीच जेवलं नाही. मुलं लहान असती तर त्यांच्यासाठी तरी कुणी बसलं असतं. आईने परात उघडली तेव्हा उब्वालीवर कडक पापुद्रा धरला होता. किल्ल्या जमिनीवर पडून राहिल्या, आणि जाता येता जो तो त्यांना वळसा घालून गेला.

सकाळी साम्पा वर्कशॉपवर पोचला तेव्हा दार उघडं होतं. काटोंगो आधी आला होता. जुनं स्प्रिंगचं डोकं त्याने रॉकेलने धुऊन बाकावर ठेवलं होतं. दोघांनी ते गाडीत चढवलं.

साबणाच्या कारखान्यात त्या दिवशी काहिली थंड होत्या. जमिनीवर पाणी मारून मारून सिमेंट पांढरं पडलं होतं. विजेचं डोकं सोडवायला फार वेळ लागला नाही. नवीनच होतं, एकही बोल्ट गंजलेला नव्हता. काटोंगोने ते हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि फडक्यात गुंडाळून ठेवलं, एखादं जखमी जनावर ठेवावं तसं. जुनं चढवलं. हवेची नळी जोडली. काटोंगो वर, शिडीवर. साम्पा खाली, हत्यारं देत.

हवा भरली तसा व्हॉल्व्ह उघडला. काटोंगोने नळी एका झटक्यात सोडवली. फुस्स झालं, आणि आत स्प्रिंगने झडप धाडकन ओढून मिटली. कुणाला विचारलं नाही, कशाची वाट बघितली नाही. पत्र्याच्या छपराखाली तो आवाज घुमला.

फुस्स ऐकून साम्पाला राहवलं नाही.

"ऐकलंस?" तो खालून म्हणाला. जमेल तेवढं हसू त्याने आवाजात आणलं. "माझ्या वळणाचं आहे म्हणाला होतास. पण मिटलं बघ, माकडा. तुझं तोंड पण असं मिटवून घे, माश्या जातील!"

वर काटोंगोचे हात थांबले. साम्पा मान वर करून बघत राहिला. सासूवरून बोल, म्हणत होता मनात. माझ्या फुसफुसण्यावरून बोल. काहीही बोल.

काटोंगो शिडीवरून उतरला. सावकाश, एकेक पायरी. ओल्या सिमेंटवर, साम्पाच्या समोर, तो मांडी घालून बसला. त्याने तळव्यांची ओंजळ केली आणि टाळी वाजवली. हळू, खोल.

"बाना म्वाबाकडे जायचंय," तो म्हणाला. "ती विचारेल, झडप का झोपली होती. तिला कोण सांगणार?"

कारखान्यात पाण्याचा नळ कुठेतरी ठिबकत होता. साम्पा तिथे उभा होता. मग त्याला जाणवलं की आपण अजून उभेच आहोत.

तो खाली बसला. ओल लगेच पँटमधून आत आली. त्याने तळवे जुळवून टाळी वाजवली, पण हात ग्रीसने माखलेले होते. आवाज आला नाही. त्याने दोन्ही हात मांड्यांना पुसले, पुन्हा पुसले, आणि पुन्हा वाजवली.

"मी सांगतो," तो म्हणाला.